चालते घर : इंग्लंडचा कालवा, गोदावरीची बोट आणि आपला तांडा



विषय छापून आला तेव्हा दोघातिघांचे फोन आले. एकजण म्हणाला, "सर, देवणीत बोटीवर व्याख्यान? आपल्याकडं एप्रिलमध्ये बोअरला पाणी नसतंय." त्याचं म्हणणं बरोबर आहे. पूर आल्यावर गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडणारी माणसे मी लहानपणी पाहिली आहेत. त्यापलीकडे नौकानयनाशी आपला फारसा संबंध नाही. पण मला बोटीच्या निमित्ताने घराविषयी बोलायचे आहे. जे घर एका जागी थांबत नाही, त्या घरातल्या माणसाचे सरकारने, शाळेने आणि शेजाऱ्याने काय करायचे, हा माझा आजचा प्रश्न आहे. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवले. आमच्या शास्त्रातला एवढा मोठा माणूस कांट, पण तो आपल्या गावाच्या आसपासचा मुलूख सोडून कधी लांब गेला नाही. त्यामुळे चालत्या घराचा विचार करायची आम्हा लोकांना सवय नाही. मला ती लागली साठी उलटल्यावर.

माझी मुलगी आणि जावई बर्मिंगहॅमला असतात. 2014 साली मे महिन्यात आम्ही दोघे तिकडे गेलो होतो. जावई म्हणाले, "बाबा, किल्ले-राजवाडे सगळेच बघतात. आपण आठवडाभर बोटीवर राहू." मला वाटले समुद्र असेल, पोटात गोळा आला. प्रत्यक्षात बघतो तर काय, आपल्या जायकवाडीच्या चारीपेक्षा थोडा मोठा कालवा, आणि त्यात सत्तावन्न फूट लांब नि सात फुटांना दोन बोटे कमी अशी रुंद बोट. रेल्वेचा डबा उभा चिरून पाण्यात सोडावा तशी. आत पलंग, गॅसची शेगडी, मोरी, संडास, कोळशाची चूल, सगळे एका ओळीत. सौभाग्यवती म्हणाल्या, "इथं भांडण झालं तर रुसून जायचं कुठं?" वेगाची मर्यादा ताशी चार मैल, म्हणजे साडेसहा किलोमीटर. काठाने कुत्रे फिरवणाऱ्या म्हाताऱ्या बायका आम्हाला मागे टाकून जायच्या.

ही बोट सात फुटांपेक्षा अरुंद का? याचे उत्तर इतिहासात आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडच्या मधल्या भागातले रस्ते आपल्या पाणंदीसारखे होते. माल जायचा घोड्यांच्या पाठीवरून. स्टॅफर्डशायरमध्ये कुंभारकाम मोठे. जोसाया वेजवुड हा तिथला मोठा कारखानदार, त्याची चिनी मातीची भांडी घोड्याच्या पाठीवर फुटायची. 1761 साली ब्रिजवॉटरच्या ड्यूकने आपल्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला न्यायला कालवा काढला. त्याचा अभियंता जेम्स ब्रिंडली जेमतेम लिहिता-वाचता येणारा माणूस होता. त्याच ब्रिंडलीने 1766 मध्ये ट्रेंट आणि मर्सी या दोन नद्या जोडणारा कालवा सुरू केला. तो 1777 मध्ये पुरा झाला तेव्हा ब्रिंडली वारून पाच वर्षे झाली होती. पैसा वाचावा, पाणी वाचावे म्हणून त्याने दारे अरुंद ठेवली. अडीचशे वर्षे झाली, आजची बोटही त्या मापाबाहेर जाऊ शकत नाही. एका माणसाने काटकसरीने घेतलेला निर्णय पुढच्या आठ-दहा पिढ्यांच्या पलंगाची रुंदी ठरवतो!

त्याच कालव्यावर हेअरकासलचा बोगदा आहे, पावणेतीन किलोमीटर लांब. आम्ही त्यातून गेलो. पाऊण तास काळोख, डोक्याला वीत-दीड वीत अंतरावर दगड, आणि खाली लोहाच्या खनिजामुळे गेरूसारखे लाल पाणी. ब्रिंडलीच्या मूळ बोगद्यात घोड्याला चालायला वाट नव्हती. घोडा डोंगरावरून पलीकडे न्यायचा आणि बोटीवरच्या माणसांनी फळीवर उताणे पडून भिंतीला पाय लावून, पायांनी चालत बोट पुढे ढकलायची. टेलफर्डने 1827 मध्ये शेजारी दुसरा बोगदा काढला, आज बोटी त्यातून जातात.

आता लॉक म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढचे सगळे त्यावर आहे. कालवा चढावर न्यायचा तर पाणी चढ चढत नाही. म्हणून मध्ये विटांचा हौद बांधतात, त्याला दोन्हीकडे दारे. बोट खालून हौदात आली की मागचे दार लावायचे, वरच्या दाराची झडप लोखंडी हँडलने उघडायची. हौद भरतो, बोट वर येते, वरचे दार उघडून पुढे जायचे. उतरताना उलटे. पंप नाही, इंजिन नाही. मुलगी हँडल फिरवत होती, जावई सुकाणूवर, मी काठावर उभा राहून हिशोब करत होतो. आपल्या भागातल्या माणसाला पाणी वाहताना दिसले की हिशोब सुचतोच. एका बोटीने एक लॉक ओलांडला की वरचे साधारण लाख-सव्वा लाख लिटर पाणी खाली जाते. एक बोट, एक दार!

हा आकडा लक्षात ठेवा. 12 एप्रिल 2016 रोजी पहाटे मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली. जलदूत. दहा टाक्या, पाच लाख लिटर. स्टेशनवर लोकांनी हार घातले. इंग्लंडमध्ये चार-पाच वेळा दार उघडले की तेवढे पाणी निघून जाते, आणि कुणी मान वळवून बघत नाही. तिकडे माल पाण्यावरून गेला, आपल्याकडे पाणीच मालगाडीतून आले. आणि गंमत अशी, गंमत म्हणायची तर, की देशातल्या 111 जलमार्गांना राष्ट्रीय जलमार्ग ठरवणारा कायदा अमलात आला तो याच दिवशी, 12 एप्रिल 2016 ला. त्या यादीत आपली मांजरा आहे. हसू नका. कागदावर मांजरा हा राष्ट्रीय जलमार्ग आहे.

पण कागदावर बोटी सोडण्याची ही पहिली वेळ नव्हे. दीडशे वर्षांपूर्वी आपल्याच गोदावरीवर हा प्रयोग झाला, आणि तो कागदावर राहिला नाही. त्यात दगड-चुना पडला, माणसे मेली.

आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याचे नाव आंध्रात देवासारखे घेतात. 1847 ते 1852 या काळात त्याने राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम येथे गोदावरीवर बंधारा बांधला. त्याच्या कालव्यांतून शेताला पाणी गेले आणि बोटीही गेल्या. तिथल्या बोटी घोडे ओढत नव्हते, दोर खांद्याला लावून माणसे ओढत होती. कॉटनचे ठाम मत असे, की हिंदुस्थानसारख्या गरीब देशाला रेल्वे परवडणारी नाही, पाण्यावरची वाहतूक तिच्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल. हे मत त्याने म्हातारपणापर्यंत सोडले नाही. त्याची पुढची कल्पना अशी की गोदावरीतून वर यायचे, भद्राचलम, सिरोंचा, तिथून प्राणहितेत वळायचे, वर वर्धा नदी धरायची, आणि वऱ्हाड-नागपूरचा कापूस थेट बंगालच्या उपसागरात न्यायचा.

त्या काळी वऱ्हाडचा कापूस कसा जायचा? अमरावतीहून लमाणांच्या बैलांच्या पाठीवर लादून गंगेकाठी मिर्झापूरला, सात-आठशे किलोमीटर. वाटेत धूळ, पाऊस, चोर. मँचेस्टरला पोचेपर्यंत त्या कापसात माती किती आणि सरकी किती हे देव जाणे. 1861 मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या. मग मँचेस्टरच्या लोकांना गोदावरीचे प्रेम अचानक दाटून आले.

इथे आपल्या मराठवाड्याचा एक धागा आहे. तो शाळेच्या पुस्तकात सहसा नसतो. 1853 मध्ये इंग्रजांनी निजामाकडून वऱ्हाडाबरोबर धाराशिव आणि रायचूर दुआबही घेतला होता. 1860 च्या तहात धाराशिव आणि रायचूर निजामाला परत मिळाले. 1857 मध्ये तो इंग्रजांशी इमानी राहिला त्याचे ते बक्षीस, असे आपण वाचतो. पण त्याच तहात निजामाने गोदावरीच्या डाव्या तीरावरचा सिरोंचापासून भद्राचलमपर्यंतचा मुलूख इंग्रजांना दिला, आणि सरहद्दीवरची नदी बोटींना मोकळी राहील, कुणी जकात घेणार नाही, असे कलम घातले. म्हणजे आपले शेजारी धाराशिवकर कोणत्या राज्यात राहणार, हे ठरवणाऱ्या कागदावर एक ओळ बोटींचीही होती. दिल्या-घेतल्याचा हिशोब केला तर सिरोंचाच्या जंगलाची किंमत इंग्रजांना का वाटली, हे त्या ओळीवरून कळते.

नदीत खडकांचे तीन मोठे अडथळे होते. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंचमपल्लीला इंद्रावतीच्या संगमाजवळ, तिसरा प्राणहितेवर देवलमरीला. बेत असा, की प्रत्येक ठिकाणी बंधारा घालायचा आणि खडकाला वळसा देऊन लॉकचा कालवा काढायचा. ब्रिंडलीने केले तेच, पण इथे घनदाट जंगलात आणि पावसाळ्यात समुद्र होणाऱ्या नदीत. हेग नावाचा लष्करी अभियंता कामावर होता. मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी सुरुवातीला योजनेची बाजू उचलून धरली. मजूर मिळेनात, मिळाले ते तापाने आणि पटकीने गेले. नदी वर्षातले काही महिनेच बोटीजोगी. तिकडे 1865 मध्ये अमेरिकेतली यादवी संपली, कापसाचा भाव उतरला, आणि 1867 मध्ये मुंबईची रेल्वे नागपूरला पोचली. झाले. 1871 साली सरकारने गोदावरीचे काम थांबवले. दुम्मागुडेमचा बंधारा तेवढा आजही उभा आहे. सिरोंचा हे गाव आपल्या गडचिरोली जिल्ह्यात आहे. त्या भागातच नदीवर तेलंगणाने बांधलेल्या मेडीगड्डा बॅरेजचे खांब 2023 मध्ये खचले, ते तुम्ही टीव्हीवर पाहिले असेल. त्या नदीने अभियंत्यांना नम्रता शिकवायचा वसाच घेतलेला दिसतो.

एका शंकेचे उत्तर मला इथेच दिले पाहिजे. कॉटन चुकला की बरोबर होता? काही अभ्यासक म्हणतात रेल्वेवाल्यांनी त्याचा बळी घेतला. मला ते पूर्ण पटत नाही. एक घोडा रस्त्यावर गाडीला जुंपला तर एक-दोन टन ओढतो, कालव्याच्या काठाने तोच घोडा पंचवीस-तीस टनांची बोट सहज ओढतो. हे गणित खरे. आपला देवणी वळूही ओढेल, मग तो वानेरा असो, बालंक्या असो की शेवेरा. पण त्या गणितात पाणी फुकट धरलेले आहे. इंग्लंडमध्ये वर्षभर रिमझिम पडते, तरीही त्यांना कालव्याच्या माथ्यावर तलाव बांधावे लागले. दख्खनच्या पठारावर आठ महिने लॉक भरायला पाणी कुठून आणणार? कॉटनच्या मागे गोदावरीचा सुपीक त्रिभुज प्रदेश होता. त्याने तिथल्या डोळ्यांनी आपल्याकडे पाहिले.

आणि आपल्याकडे बोट नव्हती, पण बोटीचे काम करणारी माणसे होती. तो तांडा. एका बैलावर अडीच-तीन मणांची गोणी, असे शेकडो, कधी हजारो बैल, बरोबर बायका, मुले, कुत्री, म्हातारी माणसे. घर म्हणजे चालणारी रांग. मीठ समुद्राकडून आत आणायचे, धान्य आणि कापूस बाहेर न्यायचा. 1803 मध्ये जालना जिल्ह्यातल्या असईची लढाई जिंकणाऱ्या वेलस्लीच्या फौजेला रसद पुरवणारे हेच लोक. दोन फौजा समोरासमोर लढत असताना तांडा दोन्हींच्या मधून धान्य घेऊन जाई आणि कुणी त्याला सहसा हात लावत नसे, कारण हात लावला तर उद्या आपण जेवायचे काय! पावसाळ्यात मात्र तांडा थांबायचा. बुद्धाचे भिक्खूही वर्षावासात थांबत. संन्याशाला आपल्या परंपरेने गावात एक रात्र, नगरात पाच रात्री असा नियम घालून दिला. म्हणजे फिरणाऱ्या माणसाला मान देण्याची रीत आपल्याकडे होती. अट एकच, त्याने बरोबर बायकामुले आणू नयेत. तांड्याने ती आणली.

आता इंग्लंडच्या बोटवाल्यांकडे परत येऊ, कारण त्यांचेही असेच झाले. सुरुवातीच्या काळात बहुतेक बोटवाल्यांची घरे काठावरच्या गावांत असायची. 1830 मध्ये लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली, पुढच्या वीस वर्षांत रुळांचे जाळे पडले आणि कालव्याचे दर कोसळले. बोटवाल्याला घरभाडे परवडेना, हाताखाली गडी ठेवणे परवडेना. मग त्याने बायकामुले बोटीवर आणली. बायको सुकाणूवर, मुलगा घोड्याबरोबर काठाने. मालाला जागा लागते, म्हणून घर म्हणजे मागची खोली. दहा फूट लांब, सात फुटांहून अरुंद. त्यात सहा-सात माणसे जेवायची, झोपायची, बाळंत व्हायची. आणि त्या खोलीचे दार, पेटी, पाण्याचा डबा, सगळ्यावर लालभडक गुलाब आणि किल्ल्यांची चित्रे. पितळेची मुठी, जाळीची काठ असलेल्या थाळ्या. मी एका संग्रहालयात ती खोली पाहिली आणि मला आमच्या गावाबाहेरच्या तांड्यातली आरशांची कांचळी घातलेली आजी आठवली. ज्यांना भिंत नसते ते अंगावर आणि सामानावर घर काढतात.

काठावरच्या लोकांना हे बोटवाले आवडत नसत. घाणेरडे, दारुडे, चोरटे, निरक्षर. हे शब्द ओळखीचे वाटतात का? जॉर्ज स्मिथ नावाचा एक सुधारक होता, लहानपणी वीटभट्टीवर राबलेला. त्याने 1875 मध्ये कालव्यावरच्या लोकांवर पुस्तक लिहिले. चित्र भडक होते, अभ्यासक आज म्हणतात की त्याने पुष्कळ वाढवून सांगितले. पण मुलांविषयीची त्याची तळमळ खोटी नव्हती. त्याच्या खटपटीने 1877 मध्ये कायदा झाला, 1884 मध्ये तो घट्ट करण्यात आला. प्रत्येक बोटीची घर म्हणून नोंद करायची. बारा वर्षांवरच्या माणसाला 60 घनफूट हवा, लहान मुलाला 40 घनफूट. त्याहून जास्त माणसे नकोत. मोठा कुटुंबकबिला असला की मुले लपवायची पाळी यायची.

त्या कायद्यात एक कलम आहे. मी तत्त्वज्ञानाचा माणूस म्हणून त्याच्यावर खूश आहे. प्रश्न असा होता, की बोटीवरच्या मुलाने कोणत्या गावच्या शाळेत जायचे? शाळा गावाची असते, मूल कुठल्याच गावाचे नसते. कायद्याने सांगितले, की बोटीची नोंद ज्या गावी झाली, ते मूल त्या गावचे रहिवासी समजावे. समजावे! मूल तिथे राहत नाही हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही कायदा म्हणतो, समजा. याला आम्ही कल्पित म्हणतो, आणि माणुसकीची कितीतरी कामे अशा कल्पितांवर चालतात. अर्थात कल्पिताने मूल वर्गात येऊन बसत नाही. बोट दुपारी थांबली तर दोन तास शाळा, उद्या दुसरे गाव, दुसरी बाई, पुन्हा पहिला धडा. 1930 मध्ये लंडनच्या पश्चिमेला वेस्ट ड्रेटन येथे शेवटी एका जुन्या बोटीतच शाळा भरवली, की जी मुले काठावर येत नाहीत त्यांच्याकडे काठाने जावे.

मुलांना शाळा द्यायची म्हणून तिकडे 1877 मध्ये बोटीची नोंद झाली. आपल्याकडेही नोंद झाली, पण वेगळ्या वहीत. ज्या 1871 साली गोदावरीचे काम थांबले, त्याच साली गुन्हेगार जमातींचा कायदा आला. आधी उत्तरेकडच्या प्रांतांत, आणि 1911 च्या कायद्यानंतर जवळजवळ सगळ्या इंग्रजी मुलखात. रेल्वेने तांड्याचा धंदा नेला, मिठाच्या कराने उरलासुरला नेला, आणि धंदा गेलेल्या फिरत्या माणसाकडे सरकार संशयाने पाहू लागले. ठिकठिकाणी अशा जमातींना तारेच्या कुंपणाआड वसवले. सोलापुरात त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, माणसे विमुक्त झाली. आपल्या राज्याच्या यादीत बंजारा समाज विमुक्त जातींत आहे. पण पोलीस पाटलाच्या मनातली वही इतक्या लवकर फाटत नसते.

इंग्लंडमध्ये पुढे काय झाले ते थोडक्यात. 1944 मध्ये एल. टी. सी. रोल्ट नावाच्या अभियंत्याने आपल्या बोटीवरच्या संसाराचे पुस्तक लिहिले, लोक वेडे झाले. 1946 मध्ये कालवे वाचवणारी संस्था निघाली. 1962-63 च्या हिवाळ्यात कालवे महिनोन् महिने गोठले आणि मालवाहतूक जवळजवळ संपली. बोटवाले उतरले, आणि त्यांच्या जागी सुट्टीवाले आले, आमच्यासारखे. आता एक न्यास सुमारे दोन हजार मैलांचे कालवे आणि नद्या सांभाळतो. त्यावर तीस-पस्तीस हजार बोटी आहेत. त्यांतले बरेचजण बोटीतच राहतात, विशेषतः लंडनमध्ये, कारण घरभाडे परवडत नाही. गुलाबाची चित्रे काढून झाली, पण कारण पुन्हा तेच, भाडे.

एका संध्याकाळी आमच्या शेजारी अशा एका माणसाची बोट बांधलेली होती. पन्नाशीचा असेल, सायकली दुरुस्त करायचा. मी विचारले, किती दिवस इथे? म्हणाला, "चौदा." 1995 च्या कायद्याने, ज्याला बोट बांधायला कायमची जागा नाही, त्याला चौदा दिवसांपेक्षा जास्त एका ठिकाणी राहता येत नाही. संन्याशाला पाच रात्री, याला चौदा. मी म्हटले, मजा आहे. तो हसला आणि म्हणाला, "डॉक्टरकडे नाव घालायचं असलं की ते पत्ता मागतात, तेव्हा मजा संपते." तो आमच्याशी बोलला आणि मला त्या रात्री झोप आली नाही. बोटीमुळे नाही. एक मुलगा आठवला.

हे मी आजवर व्यासपीठावरून सांगितलेले नाही. 1987 ची गोष्ट. मी तेव्हा ज्या महाविद्यालयात होतो, तिथे तांड्यावरचा एक मुलगा बी.ए.ला होता. तर्कशास्त्रात हुशार, इतका की मी फळ्यावर चूक केली तर हात वर करायचा. आईबाप ऊसतोडीला. दसरा-दिवाळी झाली की टोळी पश्चिमेकडे, परत यायला एप्रिल-मे. शिष्यवृत्तीच्या अर्जाला रहिवासी दाखला लागायचा. एका कचेरीत त्याला सांगितले, तुम्ही तर सहा महिने इथं नसताच, तुमचा पत्ता कुठला? तो माझ्याकडे आला. मी ओळखीने एक पत्र दिले असते तर काम झाले असते, दहा मिनिटांचे काम. मी म्हणालो, "अरे, आठ दिवसांनी ये, मला परीक्षेचे पेपर तपासायचेत." आठ दिवसांनी तो आला नाही. टोळी निघाली होती, बापाला एक कोयता कमी पडत होता. कोयता म्हणजे माणसांची जोडी, हे तुम्हाला सांगायला नको. तो पुन्हा वर्गात आला नाही. मी त्या वर्षी तर्कशास्त्राचा पेपर वेळेत तपासून दिला, याची नोंद माझ्या सेवापुस्तकात असेल.

इंग्लंडच्या बोटवाल्याचे मूल आणि ऊसतोड्याचे मूल यांत फरक आहेत, ते मी झाकत नाही. बोट वर्षभर चालते, टोळी हंगामापुरती. बोटीवर निदान छप्पर असते, फडात उसाच्या पाचटाची कोपी. पण शाळेचा पेच तंतोतंत तोच. आपणही सगळे उपाय करून पाहिले. कारखान्याजवळ साखरशाळा काढल्या, गावात हंगामी वसतिगृहे काढली, म्हणजे मूल आजीपाशी राहील. 2009 चा शिक्षणहक्क कायदा आला, त्याने प्रत्येक मुलाला शेजारची शाळा दिली. शेजार कोणता, हे मात्र त्या कायद्यालाही सोपे गेले नाही. मग शिक्षण हमी कार्ड निघाले. मूल जाईल तिथल्या शाळेने ते पाहून त्याला बसवून घ्यायचे. 1877 च्या कलमाचा हा आपला नातू म्हणा. मला वसतिगृहापेक्षा कार्ड पटते. वसतिगृह म्हणते, तू थांब, आईबाप जाऊ दे. कार्ड म्हणते, तू जा, शाळा तुझ्यामागे येईल. पण ते येते का, हे पाहायला कुणीतरी फडावर जावे लागते.

2018 मध्ये वलांडीच्या बसस्टँडवर एका माणसाने माझ्या पायांना हात लावला. केस पांढरे, डोक्याला रुमाल. मी ओळखले नाही. त्याने स्वतःहून फळ्यावरच्या त्या चुकीची आठवण दिली, तेव्हा ओळख पटली. आता तो स्वतः मुकादम आहे, बारा-पंधरा कोयते त्याच्याकडे. मी माफी मागायला तोंड उघडले तर त्याने विषय बदलला, आणि शेजारी उभी असलेली नात पुढे केली. चौथीत होती. म्हणाला, "सर, हिला काहीतरी विचारा." मी विचारले, सात गुणिले आठ किती? तिने सांगितले. मग मी कार्डाचे विचारले. तिने दप्तरातून काढून दाखवले, प्लॅस्टिकच्या पिशवीत नीट ठेवलेले. मागच्या हंगामात ते कुठल्या शाळेत दाखवलेस, म्हणून विचारले. ती आजोबांकडे बघू लागली. आजोबा म्हणाले, "शाळा फडापासून पाच किलोमीटर होती सर. आणि घरी धाकटा भाऊ सांभाळायला कोण?"

एवढ्यात त्यांची बस लागली. निलंग्याकडे जाणारी होती, गर्दी फार. त्याने नातीला खिडकीतून आत सरकवले आणि दप्तर मागून दिले.

वेळ झाली आहे, अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली. प्रश्न असतील तर घेऊ. मागे बसलेल्या मुलांनी आधी विचारावे.